स्काय गार्डचा चित्रकार

ग्रुपवर सकाळपासून एका चित्रावर सगळे हसत होते आणि ते चित्र आपणच काढलंय, हे सुधीर खांबेटेने कुणाला सांगितलं नव्हतं. नौपाड्यातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात तो केसपेपर काढायला बसायचा. दोन पेशंटांच्या मधे मोबाइल बघायची सवय त्याला या ग्रुपनेच लावली होती.

जुने व्हिडिओ गेम आणि संगणकावर काढलेली चित्रं, अशी दोन वेडं असलेल्या साठेक माणसांचा तो ग्रुप. सुधीरची लेक मैथिली चित्रकलेच्या कॉलेजात होती, तिनेच बाबांना त्यात ओढलं होतं. तिचा जुना ड्रॉइंग टॅबलेट त्याच्याकडे आला होता. घराच्या गॅलरीतून दिसेल ते तो त्यावर काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा. पोरं ‘काका, भारी’ म्हणायची. तेवढ्यावर त्याचा दिवस बरा जायचा.

त्या दिवशी शौनकने एका गेमच्या कॅसेटचा फोटो टाकला. ग्रुप तोच चालवायचा आणि अशा कॅसेट जमवायचा. गेमचं नाव ‘स्काय गार्ड’. गेममध्ये एक यान अंतराळात गोळ्या झाडत सुटतं. स्टिकरवर मात्र ढगावर लोखंडी खुर्ची टाकून बसलेला वॉचमन, खाकी शर्ट, मांडीवर उघडा डबा. दुसरी कॅसेट ‘डीप डायव्हर’. गेम पाणबुडीचा आणि चित्रात ठाण्याच्या मासुंदा तलावाच्या कठड्यावरून नाक दाबून उडी मारणारा पोरगा. ज्याने कुणी हे काढलं त्याने गेम बघितलेला नसणार, असं एकाने लिहिलं. ते अगदी खरं होतं. सुधीरनेही एक हसरा चेहरा टाकून दिला.

ब्याण्णव साली कोपरीत प्रफुल्ल म्हात्रेचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. गेमच्या कॅसेट त्याच्याकडे स्टिकरशिवाय यायच्या, सोबत नुसती नावांची यादी. सुधीर तेव्हा एकोणीस वर्षांचा. मागच्या टेबलाशी बसून तो नाव वाचून सुचेल ते चित्र काढायचा. मग ते छापखान्यात जायचं. गेम लावून बघावा म्हटलं तर दुकानातला एकही टीव्ही धड नसायचा. प्रफुल्ल प्रत्येक चित्र हात लांब करून बघायचा आणि म्हणायचा, ‘झकास झालंय.’ त्याने एकही चित्र परत केलं नाही. पुढे दुकानाने गेम विकणं सोडलं, सुधीर दवाखान्यात चिकटला आणि कोपरीला जाणं सुटलं. त्याचं चित्र हातात धरून झकास म्हणणारा दुसरा माणूस त्याला त्यानंतर भेटला नाही.

दोन-तीन दिवसांत पोरांचं हसणं ओसरलं. शौनकने अशा अकरा कॅसेट शोधून काढल्या. सगळ्या ओळीने मांडून बघितल्यावर त्याचा सूर बदलला. त्याने लिहिलं, की या माणसाने परदेशी गेमच्या नावाखाली आपलं ठाणं काढून ठेवलंय. ठाण्यात एक हॉल घेऊन ग्रुपचं प्रदर्शन भरवायचं ठरत होतंच. त्यातली मधली भिंत या चित्रांना द्यायची आणि खाली चित्रकाराचं नाव लावायचं. नाव कुणाला ठाऊक आहे का?

सुधीरने लिहायला घेतलं. चहा संपवून मग नीट लिहू, म्हणून तो थांबला. चहा संपेपर्यंत देवेश म्हात्रे नावाच्या मुलाने लिहून टाकलं होतं, की ही चित्रं त्याच्या पप्पांची. कोपरीत त्यांचं दुकान होतं, गेल्या वर्षी ते वारले. दुकानाच्या व्यापात चित्रं सुटली, असं ते नेहमी सांगायचे.

प्रफुल्ल गेला हे सुधीरला तिथे कळलं. वाईट वाटायला हवं होतं, पण आधी राग आला, आणि चांगलाच आला. घरी गेल्या गेल्या त्याने माळ्यावरची जुनी वही काढली. अकराही चित्रं पेन्सिलीत कच्ची काढलेली तीत होती. मैथिलीने पानांचे फोटो काढले.

“बाबा, टाकते मी ग्रुपवर.”

“उद्या बघू.”

“उद्या काय बघायचंय? तुझी चित्रं आहेत ना? आयुष्यभर तू हेच करत आलायस.”

ती बरोबर बोलत होती. उद्या दुपारी टाक, असं त्याने कबूल केलं. त्या रात्री त्याला छान झोप लागली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बसल्या बसल्या देवेशचा मेसेज आला. ग्रुपवर नव्हे, खास त्याला एकट्याला. मैथिली एकदा ग्रुपवर बोलून गेली होती, की बाबा पूर्वी कोपरीतल्या एका टीव्हीच्या दुकानात जायचे. ते त्याच्या लक्षात राहिलं होतं.

‘काका, ते आमचंच दुकान ना? शौनक पुरावा मागतोय. घरी एक कागद नाही सापडत. आई बोलते, यांना साधा गणपती काढता येत नव्हता, उगाच काहीतरी सांगत बसायचे. मी पण त्यांना कधी काढताना नाही बघितलं. पण तेवढी एकच गोष्ट ते सारखी सांगायचे. तुम्ही बघितलंय का त्यांना काढताना?’

सुधीरने तो मेसेज दोनदा वाचला. समोरच्या म्हाताऱ्या बाईंचा केसपेपर काढला, त्यांचं वय चुकीचं लिहिलं, खोडून पुन्हा लिहिलं. मागे राहिलेली बायको आणि मुलगा मिळून प्रफुल्लला खोटं ठरवायला निघाले होते आणि त्यांची काही चूक नव्हती. सुधीरचा राग गेला नव्हता. पण प्रफुल्लला असं उघडं पाडणं त्याच्याच्याने होईना. त्याने आधी मैथिलीला कळवलं, काही टाकू नकोस. ‘का????’ असं तिचं लगेच आलं.

मग देवेशला लिहिलं, ‘हो, बघितलंय. मागच्या टेबलाशी बसून काढायचे. शौनकला माझं नाव सांग, मी सांगतो त्याला.’

पलीकडून आलं, ‘थँक्यू काका. आईला दाखवतो हे.’ आणि त्याच्यामागून, ‘पण मग तुम्ही तिथे काय करायचात?’

छापखान्यातून स्टिकरांचे मोठे कागद यायचे. प्रफुल्ल टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसायचा, स्टीलची पट्टी धरून ब्लेडने एकेक स्टिकर कापायचा आणि तेवढा वेळ कुणाशी बोलायचा नाही.

‘मी स्टिकर कापायचो,’ सुधीरने लिहिलं.

देवेशने एका कॅसेटचा फोटो मोठा करून पाठवला. ‘काका, कटिंग पण एकदम परफेक्ट आहे हां. अकरा कॅसेट बघितल्या, एक पण वाकडं नाही.’

‘हो,’ सुधीरने लिहिलं. ‘कापणाऱ्याचा हात फार चांगला होता.’

आणि त्याने पुढचा नंबर पुकारला.