कुत्रा कसा आहे?

"हात नळाखालून काढायचा नाही. पंधरा मिनिटं म्हणजे पंधरा मिनिटं!" मी ओरडले.

शिंपीकाका मुकाट्याने पुन्हा साबण चोळू लागले. उजव्या अंगठ्याखाली दोन दात चांगलेच रुतले होते. घरून फडकं आवळून आले होते, ते मी आधी सोडून फेकलं. बावीस वर्षं इंजेक्शनच्या खोलीत काढली की तोंड फटकळ होतंच.

"घरचाच आहे हो, बाई. माझीच चूक. कापड उचलताना शेपटीवर पाय पडला."

"घरचा असो नाहीतर दारचा, सुया घ्यायच्याच."

जखमेच्या कडेने औषध टोचलं, दंडात पहिली सुई दिली आणि कार्डावर तारखा लिहिल्या. आजपासून तीन, सात, चौदा आणि अठ्ठावीस दिवसांनी.

"कुत्र्याला बांधून ठेवा. दहा दिवस धडधाकट राहिला, तर शेवटच्या सुया टळतील. मेला किंवा पळाला, तर एकही चुकवायची नाही. कळलं?"

त्यांनी मान हलवली.

तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "कुत्रा कसा आहे?"

"मजेत. आज दूधपाव खाल्ला."

सातव्या दिवशी म्हणाले, "मशीनखालीच झोपतो मेला. पाय मारू देत नाही. बायको गेल्यापासून घरात तेवढा एकच माझं ऐकतो बघा."

मी हसले. कधी नव्हे ते त्यांना बसायला स्टूल दिलं.

चौदाव्या दिवशी त्यांची सून सोबत होती.

"कुत्रा?"

"ठणठणीत."

"मग सुटलात, काका! आता सुया नकोत." मी कार्डावरच्या उरलेल्या तारखांवर रेघ मारली.

"बाबा, काय बोलताय हे?" सून मध्येच म्हणाली. "बाई, कुठला कुत्रा? दुसऱ्याच दिवशी तो सुटून बाहेर पळाला, तर गल्लीतल्या लोकांनी काठ्यांनी मारून टाकलं. पिसाळलाय म्हणून."

रेघ मारून मी मोकळी झाले होते!

"जीव नकोसा झालाय का?" मी किंचाळलेच. "हा रोग एकदा अंगात भिनला की औषध नाही त्यावर! माझ्या तोंडावर खोटं बोललात?"

काकांनी बाही वर केली.

"पिसाळला नव्हता हो तो," एवढंच म्हणाले.

सुई देताना मला रागही येत होता आणि रडूही. नवं कार्ड केलं आणि तारीख सुनेकडून दोनदा वदवून घेतली.

अठ्ठाविसाव्या दिवशी ते एकटेच आले. या वेळी मी काहीच विचारलं नाही. सुई झाली, तरी दंडावर कापूस दाबून बसून राहिले.

"आज विचारलं नाहीत?"

"काय?"

"नेहमी विचारता ते."

मी हातातला ट्रे खाली ठेवला. "कुत्रा कसा आहे, काका?"

त्यांनी दंडावरचा कापूस मुठीत चुरगळला.

"मारला हो त्याला. आधी पळत माझ्याच दाराशी आला होता. नखांनी दार खरवडत होता. मला भीती वाटली, बाई. मी कडी काढली नाही."

बाहेरच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "अहो, आटपा की!"

मी काकांना स्टुलावरच बसू दिलं आणि पुढच्या माणसाला उभ्यानेच सुई दिली.