एक नंबरचा मान

मानापमानापायी माणसं काय काय करतात, सांगता सोय नाही. पण संगणकाच्या नंबरावरून रुसून बसलेला साहेब त्या ऑफिसाने पहिल्यांदाच पाहिला.

ऑफिसातल्या प्रत्येक संगणकाला, प्रिंटरला, अगदी जिन्यातल्या कॅमेऱ्यालाही नेटवर्कवर एक पत्ता असतो आणि पत्त्याच्या शेवटी एक नंबर. कुठला नंबर कुणाला, यंत्र कुठल्या खोलीत, कुणाच्या टेबलावर, हे सगळं नेटवर्क सांभाळणाऱ्या बाईंनी डेटाबेसमध्ये स्वतः बसवलं होतं. त्याआधी नुसता सावळागोंधळ होता. एकाच पत्त्यावर दोन यंत्रं हक्क सांगायची आणि दोन्ही अडून बसायची. आता बाईंना विचारल्याशिवाय कुणी साधी वायर खोचायला धजत नसे. म्हणून बाईंचं नाव पडलं फौजदार. वरवर ती रागवायची, पण मनातून तिला ते आवडायचं.

तर एक दिवस साहेबांना शोध लागला, की आपला नंबर सत्तेचाळीस.

"आणि दोन नंबर कुणाकडे?" त्यांनी फौजदाराला बोलावून विचारलं.

"प्रिंटरकडे."

"म्हणजे प्रिंटर दोन आणि मी सत्तेचाळीस! ऑफिस मी चालवतो की प्रिंटर? ते काही नाही, मला एक नंबर द्या."

फौजदाराने हसू कसंबसं गिळलं. "साहेब, एक नंबर राउटरचा आहे. तो आपला दरवाजा. बाहेर जायचं ते सगळं त्याच्याकडून जातं. दारात तुम्हीच उभे राहिलात तर बाकीच्यांनी जायचं कुठून?"

"मग दरवाजाला दुसरा नंबर द्या."

"सगळ्या यंत्रांना दरवाजा एक नंबरला आहे असंच शिकवलंय. कुणाच्या मानासाठी मी तो हलवणार नाही." एवढं तोंडावर सांगून ती बाहेर आली.

साहेब गप्प बसले असते तर बरं झालं असतं. पण दुसऱ्या दिवशी त्यांचे जावई भेटायला आले, आणि जावयांना म्हणे कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं. अर्ध्या हळकुंडाने पिवळे झालेले जावई ते! त्यांनी सासऱ्यांच्या मशीनवर हाताने एक नंबर घालून दिला आणि दोघं चहा प्यायला बसले.

झालं! सगळ्या ऑफिसाचा कारभार साहेबांच्या संगणकाकडे धावला आणि तिथेच अडकला. त्याच दुपारी एक मोठी निविदा भरायची होती. जमाखर्च सांभाळणाऱ्या ताई बटण दाबून दाबून रडकुंडीला आल्या. एक नंबरवर दोन यंत्रं दिसताच फौजदार वायरचा माग काढत थेट साहेबांच्या खोलीत शिरली आणि जावयांच्या देखत तिने ती वायर उपटली. नेट आलं, पण निविदेची वेळ टळून गेली होती.

मुख्य कार्यालयाने खुलासा मागितला. तेव्हा साहेबांच्या जिभेवर साखर आली.

"काही नाही हो, डेटाबेसमध्ये एवढंच लिहा, की एक नंबर तुम्ही चुकून माझ्या मशीनला दिला. चूक कुणाच्या हातून होत नाही? आणि हो, तुमचा करार संपतोय ना या महिन्यात? तुम्ही लिहा, मी नव्या करारावर लगेच सही करतो."

तिने जिन्यात जाऊन नवऱ्याला फोन लावला आणि सगळं सांगितलं. त्याचा कारखाना बंद पडल्यापासून तो घरीच होता.

"लिहून टाक गं," तो म्हणाला. "पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

"म्हणजे फौजदाराला एक नंबर कुणाचा तेही कळत नाही, असं मीच लिहू?"

"घर तुझ्यावर चाललंय. तेवढं लक्षात ठेव."

ते खरं होतं, म्हणूनच तिला जास्त झोंबलं. जागेवर आली तर जमाखर्चाच्या ताई म्हणाल्या, "आधी सही पदरात पाडून घे. मग घाल शिव्या हव्या तेवढ्या." सगळे तिच्या भल्याचंच सांगत होते, आणि त्याचाच तिला भयंकर संताप आला. चूक करायची जावयांनी, झाकायची साहेबांनी आणि काळं फासून घ्यायचं हिने? का म्हणून?

तिने लॅपटॉप उचलला आणि साहेबांच्या पुढ्यात ठेवला.

"डेटाबेस तुमच्या नावाने उघडून दिलाय. लिहा."

"मी? लिहायचं तुम्ही आहे."

"इथे प्रत्येक ओळीपुढे लिहिणाऱ्याचं नाव लागतं. खोटं तुमचं, तर नावही तुमचंच लागू दे. माझ्या खांद्यावर बंदूक ठेवू नका."

साहेबांचा हात कीबोर्डपर्यंत आला आणि मागे गेला. मग ते शांतपणे म्हणाले, "उद्यापासून येऊ नका."

ती खोलीबाहेर पडली. भीती वाटली, नाही कशाला म्हणायचं! पण ती रडली नाही. जागेवर बसून तिने स्वतःची ओळ उघडली. कुणी ऑफिस सोडलं, की त्याचा पत्ता मोकळा करायचा आणि पुढे कारण लिहायचं. आजवरची कारणं एकेका शब्दाची होती, बदली, निवृत्ती. तिने स्वतःचा पत्ता मोकळा केला आणि कारणात लिहिलं: 'साहेबांच्या मशीनवर त्यांच्या जावयांनी एक नंबर हाताने घातला. तो मी दिला असं लिहायला सांगितलं. मी लिहिलं नाही.'

ताई मागून वाचत होत्या. "अगं, पुसून टाकतील ते!"

"पुसू देत की. कुणी पुसलं तेही इथे लागतं."

पर्स उचलून ती खाली उतरली. रस्त्यावर आली तोच नवऱ्याचा फोन.

"लिहिलंस का गं?"

"लिहिलं. पण खरं लिहिलं. नोकरी गेली. जेवायला घरीच येतेय, ओरडायचं असेल तर जेवण झाल्यावर ओरड."