चांदूचं घर

दीपनगरच्या वसाहतीत राहायला आल्या तेव्हा सुमनबाईंना कुत्र्यांचं काडीइतकंही कौतुक नव्हतं. अंगणात आलं तर हाकलायचं, शिळी भाकरी उरली तर फाटकाबाहेर टाकायची, एवढाच काय तो संबंध. नवरा लीलाधर वीज केंद्रात फिटर, दोन मुली, दोन खोल्यांचं क्वार्टर. त्यात आणखी एक तोंड कशाला, असं त्यांचं सरळ मत होतं.

सत्याऐंशीच्या उन्हाळ्यात शेजारच्या कुटुंबाची बदली झाली. सामानाचा ट्रक भरला, दाराला कुलूप लागलं आणि त्यांची तांबूस कुत्री तेवढी मागे राहिली. ती बंद दारासमोर बसून राहिली. पायरीवर ऊन आलं की भिंतीकडे सरकायची, ऊन गेलं की पुन्हा दारासमोर. तिसऱ्या दिवशी सुमनबाईंनी तिला पाणी ठेवलं, चौथ्या दिवशी भाकरी. आठवड्याने ती आपणहून उठली, सुमनबाईंच्या मागे मागे आली आणि त्यांच्या मोरीजवळच्या गारव्यात अंग टाकून झोपली.

दीड महिन्याने लीलाधरच्या बरोबरीच्या एका माणसाने तिला वरणगावला आपल्या शेतावर नेलं. सुमनबाईंना दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी त्या लीलाधरला घेऊन तिला बघायलाच गेल्या. कुत्री गोठ्यात झोपली होती. सुमनबाईंना पाहून धावत आली, हात चाटले, भोवती चार फेऱ्या मारल्या आणि मग परत जाऊन आपल्या जागेवर झोपली. ते परत जाणं सुमनबाईंना फार आवडलं. येताना सायकलवर मागे बसून त्या लीलाधरला म्हणाल्या की आता जीव हलका झाला. पहिल्या सणाला मुलगी माहेरी येते आणि दोन दिवसांत सासरी जायची घाई करते, तेव्हा आईला बरंही वाटतं आणि वाईटही, तसं काहीसं ते होतं.

तेव्हापासून एकेक कुत्रं येत गेलं. कुणाला ट्रकने उडवलेलं, कुणी गोणीत घालून आणून टाकलेलं, कुणाची पुन्हा बदली झाली म्हणून मागे राहिलेलं. सुमनबाई त्यांना बरं करायच्या, माणसाळवायच्या आणि घर पाहून द्यायच्या. स्वतःकडे एकही ठेवायचं नाही हा त्यांचा नियम. एक कायमचं राहिलं तर पुढच्याला जागा कुठून आणणार? द्यायच्या आधी मात्र त्या मुलीचं स्थळ पाहावं तसं घर पाहून यायच्या. दिवसभर घरी कोण असतं, दुपारी सावली कुठे पडते, खायला कोण घालणार, असे प्रश्न विचारायच्या. लोक हसायचे आणि उत्तरं द्यायचे.

चांदू आला तो अठ्ठ्याऐंशीच्या पावसाळ्यात. काळा, कपाळावर पांढरा ठिपका, आणि पाठ पोळलेली. हायवेवरच्या एका हॉटेलात कुणीतरी त्याच्यावर उकळतं पाणी फेकलं होतं. भुसावळच्या जनावरांच्या दवाखान्यातून सुमनबाईंनी जांभळं औषध आणलं. जखम दोन महिन्यांत भरली, भीती जायला त्याहून जास्त वेळ लागला. भांड्याचा आवाज झाला की तो खाटेखाली शिरायचा आणि तासभर बाहेर यायचा नाही. सुमनबाईंनी मग रोज हातात पातेलं घेऊन जमिनीवर बसायचा क्रम ठेवला. पातेल्यात दूधभाकरी कुस्करलेली, आणि त्या गप्प. पहिले काही दिवस तो नुसता बघायचा. मग एक पाऊल पुढे. एके सकाळी त्याने त्यांच्या हातातल्या पातेल्यात तोंड घातलं आणि ते चाटून पुसून लख्ख केलं. लीलाधर रात्रपाळी करून आला तेव्हा त्याला बूटसुद्धा काढू न देता सुमनबाईंनी हे सांगितलं. मुलींनी परीक्षेत नंबर काढला तेव्हाही त्यांचा चेहरा असा फुललेला त्याने पाहिला नव्हता.

त्याच सुमारास मोठ्या मुलीचे, रत्नाचे सासरे तोताराम नाना घरी आले. रावेरजवळच्या गावात त्यांची केळीची शेती. विहिरीवरच्या मोटारीची केबल दोनदा चोरीला गेली होती, शेतावर कुत्रं हवं होतं. चांदू त्यांना आवडला. सुमनबाईंना आनंदच झाला. लेकीच्या घरी जाणार, याहून चांगलं काय? पण व्याह्याला असले प्रश्न कसे विचारायचे? त्यांनी विचारले नाहीत. शेतही पाहिलं नाही.

जानेवारीत रत्नाचं डोहाळेजेवण होतं. सुमनबाई आदल्या दिवशीच गेल्या. चांदू कसा आहे, असं त्यांनी दोनदा विचारलं. विहीणबाई झुंबरबाई म्हणाल्या की मजेत आहे, आणि लगेच साडी कोणती नेसवायची ते बोलू लागल्या. रत्ना आईच्या नजरेला नजर देईना. जेवणं झाल्यावर, बायका गाणी म्हणत बसल्या होत्या तेव्हा, सुमनबाई मागच्या दाराने निघून शेतावर गेल्या.

चांदू मोटारीच्या खोलीजवळ बांधलेला होता. दोर नव्हता, तार होती, आणि ती हातभरच लांब. मानेभोवती तार रुतून तिथलं कातडं उघडं पडलं होतं. घमेलं कोरडं होतं. सुमनबाईंना पाहून तो भुंकला नाही. शेपटी तेवढी जमिनीवर आपटली, एकदा, मग पुन्हा एकदा.

शेतावरचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, हिलाल पाणी भरत होता. धुळ्याकडचा, शिंदखेड्याच्या बाजूचा, पन्नाशीचा माणूस. त्याने खाली मान घातली.

"नाना सांगतस, पोट भरनं की कुत्रं झोपी जास," तो म्हणाला. "मी काय करसू, अक्का? मन्ही भाकरमाईन अर्धी देस त्याले."

सुमनबाईंनी तार सोडली. पीळ घट्ट होता, त्यामुळे वेळ लागला. हिलालने घमेलं भरून आणलं आणि चांदू बराच वेळ पाणी पीत राहिला. तेवढ्या वेळात त्यांच्या मनात सगळं येऊन गेलं. आपण मुलीकडचे. भरल्या घरात, कार्याच्या दिवशी, व्याह्याच्या शेतावरचं कुत्रं सोडून न्यायचं म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. पण आपण त्याला इथे पाठवताना घर पाहिलं नव्हतं, हेही त्यांना ठाऊक होतं.

चांदूला तेवढ्यापुरतं हिलालपाशी सोपवून त्या घरी आल्या तेव्हा रत्नाने त्यांना स्वयंपाकघरात गाठलं आणि हळूच म्हणाली, "आई, आजच्या दिवशी नको." म्हणून त्यांनी तो दिवस जाऊ दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर तोताराम नाना चहा पीत होते, त्यांच्यासमोर जाऊन त्या उभ्या राहिल्या.

"नाना, चांदूला मी परत घेऊन जाते."

नानांनी कप खाली ठेवला. "दिलेली वस्तू कोनी माघारी नेतं का, विहीणबाई? लोक काय म्हनतीन मले?"

"मी वस्तू दिली नव्हती, नाना."

नानांनी कप पुन्हा उचलला. सुमनबाई शेतावरून चांदूला घेऊन निघाल्या. भुसावळकडे जाणाऱ्या केळीच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी त्या चांदूला पायाशी घेऊन बसल्या. घरी पोचेपर्यंत त्यांनी रडू आवरलं होतं.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ठरलं होतं. चार दिवसांनी नानांचा निरोप आला की रत्नाला पाठवणार नाही, सगळं इथेच होईल. लीलाधर एरवी शांत माणूस, पण त्या दिवशी तो जेवता जेवता ताटावरून उठला. एका कुत्र्यापायी पोरीचं माहेर बंद केलंस, असं म्हणाला. सुमनबाई रोज चांदूच्या मानेला औषध लावत होत्या आणि रोज रत्नाच्या काळजीने वाळत होत्या. चूक केली का, असं त्यांनी स्वतःला पुष्कळदा विचारलं. तारेचा तो वळ पाहिला की नाही म्हणायच्या, रात्री अंथरुणावर पडलं की हो म्हणायच्या.

तीन आठवड्यांनी भर दुपारी फाटकाशी जीप थांबली. रत्ना उतरली, तिच्यामागून तिची पेटी घेऊन खुद्द तोताराम नाना. झुंबरबाईंनी घरात अबोला धरला होता आणि नवऱ्याचं ताट वाढणं सुनेवर सोपवलं होतं, हे रत्नाने नंतर आईला सांगितलं. नाना खुर्चीवर बसले. चांदू त्यांना पाहून खाटेखाली गेला. नाना वाकून त्याच्याकडे बघत राहिले.

"मान भरली त्याची," ते म्हणाले.

"भरली," सुमनबाई म्हणाल्या.

"मंग देता का माघारी?"

"नाही, नाना."

नानांनी मान हलवली, चहा घेतला, मुलगी सांभाळा म्हणाले आणि गेले. एवढंच झालं. पण लीलाधरने त्या दिवशी नीट जेवण केलं आणि जेवून झाल्यावर चांदूला आपल्या हाताने भाकरी घातली.

एप्रिलमध्ये रत्नाला मुलगी झाली. मे महिन्यात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन गेली. खानदेशात सालदाराचं साल आखाजीला संपतं. आखाजीच्या चार दिवसांनी हिलाल पिशवी घेऊन दारात उभा राहिला. नानांचं काम सोडून तो गावी चालला होता, वाट वाकडी करून दीपनगरला आला होता. चांदू त्याला ओळखून असा उड्या मारू लागला की पाळण्यातलं बाळ जागं झालं. हिलाल म्हणाला की कुत्रं मागायला आलोय, पण घर कुडाचं आहे.

तेव्हा वसाहतीतल्या एका बंगलेवाल्या साहेबांनीही चांदूला मागितलं होतं. सुमनबाईंनी हिलालला जेवू घातलं आणि सांगितलं की आधी घर पाहीन, मग बोलेन.

आठवड्याने लीलाधरच्या ओळखीचा एक टेम्पो धुळ्याला निघाला होता. त्यात चांदूला घेऊन नवरा-बायको दोघं गेली, आणि तसेच पुढे हिलालच्या गावापर्यंत. घर खरोखर कुडाचं होतं, पण अंगण सारवलेलं आणि लिंबाची मोठी सावली. हिलालची बायको भागाबाई पाणी घेऊन बाहेर आली. सुमनबाईंनी आपले नेहमीचे प्रश्न विचारले. ऊन कुठून येतं, दिवसभर कोण असतं, खायला कोण घालतं. भागाबाईने सगळ्यांची उत्तरं दिली. मग तिने लुगड्याचा पदर सावरला आणि समोर बसून स्वतःच विचारलं.

"अक्का, रावेरनं बठ्ठं मले यास्नी सांगेल शे. उद्या आमना जीव लागना आन तुम्ही इसन लई गयात, तर?"

आतापर्यंत एवढी कुत्री दिली, पण जीव लागल्यावर परत न्याल का, असं कुणी विचारलं नव्हतं. घेणाऱ्याचाही जीव टांगलेला असतो, हे सुमनबाईंच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी लिंबाखाली पाहिलं. चांदू तिथे माती हुंगून स्वतःसाठी खड्डा उकरत होता.

"नाही नेणार," त्या म्हणाल्या. "भेटायला मात्र येईन."

"या ना," भागाबाई म्हणाली आणि चुलीकडे गेली. तव्यावर भाकरी टाकल्याचा आवाज झाला. मग पातेलं खाली पडलं, मोठ्याने. चांदू कान टवकारून उभा राहिला. खाटेखाली जायला खाट नव्हती. त्याने सुमनबाईंकडे पाहिलं, हिलालकडे पाहिलं, आणि पातेल्यात काय आहे ते बघायला चुलीकडे गेला.

परतताना टेम्पोत सुमनबाई बाहेर तोंड करून बसल्या होत्या. लीलाधरला वाटलं, रडतायत. पारोळ्याच्या पुढे आल्यावर त्यांनी भागाबाईने बांधून दिलेली भाकरी-ठेच्याची पुरचुंडी सोडली, अर्धी भाकरी त्याच्या हातावर ठेवली आणि स्वतः पोटभर जेवल्या. भूक लागली होती, म्हणाल्या. आणि मग सांगितलं की भागाबाईला आपला पत्ता दिलाय, दिवाळीत दोघं चांदूला घेऊन येतीलसुद्धा, तेव्हा चांदू जिच्याखाली शिरायचा ती मोडकी खाट तेवढी त्यांना झोपायला दुरुस्त करून ठेवा.