पिंजरेचं बोट

मी एका जुन्या मोटारीचा कॅमशाफ्ट आहे, मित्रांनो. सध्या मये गावातल्या एका घरात, वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून मला उंबऱ्याशी आडवं टाकलं आहे.

एकेकाळी इंजिनाच्या झडपा कधी उघडायच्या, कधी मिटायच्या, ते मी ठरवायचो. माझ्या टोकाचं दातेरी चाक, खाली पिस्टन हलवणाऱ्या क्रँकच्या चाकाशी फुगडी घालायचं. फुगडीत एकीचं पाऊल चुकलं की दोघी पडतात. म्हणून कारखान्यानं दोन्ही चाकांवर एकेक ठिपका कोरला होता. ठिपक्यासमोर ठिपका आला की जोडी जमली.

याच मोटारीतून देवकी इब्रामपूरहून नवरी होऊन आली. पुढं तिचा नवरा गोकुळदास गेला आणि मोटार परसात गंजत पडली. मग एके दिवशी मुलगा परेश म्हणाला, "आये, ह्याच गाडयेन तुका म्हायेराक व्हरतलंय." माहेरी जायचं म्हणून त्या दिवसापासून देवकी अंगण झाडतानाही गाऊ लागली.

परेशनं घरीच इंजिन उघडलं. माझ्या ठिपक्यावर काळं तेल थिजून बसलं होतं. ते खरवडायचा त्याला कंटाळा. त्यानं बायकोचं, क्षमाचं, लाल नेलपॉलिश घेऊन दोन्ही चाकांच्या जुळत्या दातांवर टिंबं दिली. पुढं रॉकेलमध्ये वरवर घासताना माझ्यावरचं टिंब निघून गेलं, थिजलेलं तेल मात्र तसंच राहिलं. कोणाला कळलंही नाही.

खंडेनवमी आली. कोयता, विळी, नट खोलायचे पाने, सगळ्यांच्या ओळीत मीही मांडला गेलो. देवकीनं प्रत्येकाला पिंजरेचं, कुंकवाचं, बोट लावलं. माझ्यापाशी ती रेंगाळली.

"इब्रामपूरची वाट, माती लाल लाल
भाऊ दारी उभा, पुसतो खुशाल"

असं गुणगुणत तिनं माझ्या भलत्याच दातावर बोट टेकलं. तेलात पिंजर मुरली, घट्ट बसली.

परेशनं तेच आपलं टिंब समजून मला बसवलं. क्षमा म्हणाली, "अवो, आदी हातान फिरवन बघा. खंय अडकता काय कळात."

"तू माका इंजिन शिकयतंस?" परेश हसला.

निघायच्या सकाळी देवकी नवं लुगडं नेसून मागच्या सीटवर बसली. मांडीवर भावासाठी खाज्याचा पुडा. परेशनं किल्ली फिरवली. झडपा नको तेव्हा उघडल्या, पिस्टन त्यांच्यावर आदळले. कडाड! मग सगळं गप्प.

इंजिन पुन्हा उघडल्यावर परेशनं माझा दात चोळला. बोट लाल झालं.

"आये, ही तुजी पिंजर! तुका कोणी सांगलां लावक?"

"देवाचां म्हणान लावलंय रे पुता..."

"देवान नाय, तुया खाल्लंस माजां इंजिन!"

खाज्याच्या पुड्याला मुंग्या लागल्या. मोटार आता तळ्याकाठच्या एका हॉटेलापुढं उभी आहे. इंजिनाच्या जागी क्रोटनची झाडं लावलीत. पर्यटक तिच्यात बसून फोटो काढतात.

यंदाच्या खंडेनवमीला देवकीनं मिक्सरलासुद्धा बोट लावलं. माझ्यापाशी आली, वाकली, थांबली. "नको गे बाय," ती स्वतःशीच म्हणाली, "माज्या हाताक गूण नाय." आणि बोट पदराला पुसलं.

मित्रांनो, यंत्र जोडाल तेव्हा मळ आधी पुसा, आणि किल्लीआधी हातानं फिरवून बघा. मला परत इंजिनात बसवा, असं मी म्हणत नाही. फक्त माझ्यावरचं ते काळं तेल कोणीतरी खरवडा आणि देवकीला दाखवा. खरी खूण, कारखान्याचा ठिपका, तिच्या बोटाच्या कितीतरी आधीपासून तिथंच आहे.