येतो म्हणालेली माणसं

धैर्यशीलनं सांगलीतल्या विश्रामबागेत धंद्याच्या कोचिंगची पाटी लावली, तेव्हा पहिले काही दिवस लोक दहावीच्या क्लासची फी विचारायला येत. मग त्यानं पाटी बदलून ‘लहान व्यावसायिकांना मार्गदर्शन’ असं लिहिलं, तर तेवढेही येईनासे झाले.

गडी तसा हुशार. पुण्यात मोठमोठ्या कंपन्यांतल्या साहेबांना शिकवायचा. नोकरी गेली तेव्हा वडिलांचा मुलूख म्हणून सांगलीला आला. वडील फौजेत, त्यामुळे याचं सगळं लहानपण अंबाला नि पठाणकोटच्या छावण्यांत गेलेलं. इकडच्या माणसांशी ओळख म्हणाल तर आडनावापुरती. बायको प्रियदर्शनी मात्र पक्की इकडचीच, वडूजची. ती लेकीला घेऊन पुण्यातच राहिली. “तुमचं बस्तान बसू दे, मग येतोच की आम्ही,” असं निघताना म्हणाली होती. त्या एका वाक्यावर हा बाबा एका खोलीत डब्याचं गिळत दिवस काढत होता. गिऱ्हाईक आलं की बायको-लेक आल्या, एवढा सरळ हिशेब त्यानं मनाशी धरला होता.

त्यासाठी त्यानं दुकान न दुकान पालथं घातलं. लोकांनी बसवून घेतलं, चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं. रविवारी मोफत मेळावा ठेवलाय, याल ना, असं विचारल्यावर बेकरीवाला म्हणाला, “येतो की.” टायरवाला म्हणाला, “न येऊन सांगतोय कुणाला!” नाही म्हणून कुणी म्हटलंच नाही. धैर्यशीलनं हॉल घेतला, साठ खुर्च्या मांडल्या, भडंगाच्या साठ पुड्या बांधून घेतल्या.

रविवारी सकाळचे दहा वाजले, अकरा वाजले, दुपार झाली. त्यानं माईक दोनदा तपासला. मग एकटं उभं राहायची लाज वाटून तो स्वतःच एका खुर्चीत बसला.

तेवढ्यात दारात मनुबाई दिसल्या. कडेगावात त्यांची मिरची कांडपाची गिरणी; तिथंही तो एकदा जाऊन आला होता आणि मेळाव्याचं फोनवर सांगितलं होतं. धैर्यशील धावलाच.

“या मावशी, या! पुढं बसा.”

“बसत न्हाई. मी येनार न्हाई, एवढंच सांगाय आलीया.”

“अहो, पण तुम्ही तर आलात!”

“गिरनीचा पट्टा न्यायला आल्ते सांगलीला. फोनवर ‘येते’ म्हनून बसले, तवापासनं जिवाला बरं वाटंना. तुमी आपलं माज्या नावानं खुर्ची मांडून ठिवाल.”

“ठेवलीय. सगळ्यांसाठीच ठेवल्यात. सगळे येतो म्हणालेत.”

मनुबाईंनी रिकाम्या रांगांवरून नजर फिरवली. त्यांना त्याची दया आली. “आवं, ते न्हाई म्हनालेत.”

“नाही कोण म्हणालं?”

“दारात आलेल्या मानसाला तोंडावर न्हाई कसं म्हनायचं? वाईट दिसतंय. ‘येतो की’ म्हनायचं आनि गप ऱ्हायाचं. समोरच्यानं वळखून घ्यायचं असतंय. तुमाला कुनी सांगितलं न्हाई व्हय?”

कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण होतं? त्यानं आग्रहानं त्यांच्या पिशवीत भडंगाच्या दोन-चार पुड्या घातल्या. त्या म्हणाल्या, “एवड्याचं काय करू?” आणि घेऊन गेल्या. त्या गेल्यावर हॉल मघापेक्षा मोठा वाटू लागला. धैर्यशीलला पोरकं वाटलं, अगदी लहान पोराला वाटावं तसं.

त्यानं पुण्याला फोन लावला. आजवर तो “जमतंय हळूहळू” म्हणत आला होता. आज म्हणाला, “प्रिया, कुणी आलं नाही. यायचंही नाही कुणी. हे सगळं बंद करून घरी यावं म्हणतो.”

पलीकडून लेकीच्या हसण्याचा आवाज आला आणि दार लोटल्याचा.

“या की,” प्रियदर्शनी म्हणाली. “सवडीनं या. घर तुमचंच आहे.”

इतक्या गोडीनं ती कित्येक महिन्यांत बोलली नव्हती. कधी येताय, हे तिनं विचारलं नाही. धैर्यशील वाट पाहत राहिला. तीही गप्प राहिली.

“बरं, बघतो,” तो म्हणाला. फोन ठेवला आणि एकेक खुर्ची उचलून भिंतीशी नेऊ लागला.