पाखरीचं मुसकं

पाखरी तिसऱ्यांदा माझ्या घासात शिरली, त्या सकाळी मी रखमाजीला बोलायचं काही बाकी ठेवलं नाही.

कालव्याच्या चारीच्या कडेला माझा दहा गुंठे लसूणघास आहे, दोन म्हशींपुरता. दव अजून वाळलं नव्हतं. त्यात ही बया पोटाएवढ्या हिरव्यात उभी राहून कराकरा खात होती, आणि धनी बांधावर उभा राहून बघत होता. घोडीला ओरडावं तर ती कान हलवायची नाही, आणि धन्याचे कान त्याची बायको गिताबाई गेल्यापासून कुठं असतात देव जाणे.

"रखमाजी, तुझी घोडी हाय का सरकारी पाव्हणी?"

"चुकलं, आप्पा."

"काल बी चुकलं, परवा बी चुकलं. बांधून घालता येत न्हाई का तिला?"

"बांधली की वरडती दिसभर. एकटीला करमत न्हाई तिला."

"मग मेंढरं इकायची कशाला?"

हे बोलायला नको होतं. पण माझी जीभ पहिल्यापासून अशीच आहे, आधी सुटते आणि मग मला कळवते. घोडीच्या आयाळीला धरून रखमाजीनं तिला बाहेर काढली आणि दोघं माळाकडं चालू लागली.

रखमाजी धनगर. तीस वर्षं मेंढरं घेऊन दिवाळीला कोकणात उतरला आणि उन्हाळ्यात वर चढला. शेवटची अठरा वर्षं त्याचं बिऱ्हाड पाखरीच्या पाठीवर होतं, तव्यापासून ते चालता न येणाऱ्या कोकरापर्यंत सगळं. तिचा कासरा गिताबाईच्या हातात असायचा. दोन वर्षांमागं श्रावणात गिताबाई गेली आणि त्याच साली मेंढरं विकली. पोरगा मल्हारी रांजणगावच्या कंपनीत, कारेगावात दोन खोल्या घेऊन बायकोसंगं, प्रतिभासंगं राहतो. माळावरच्या पत्र्याच्या शेडात उरली ती ही दोघं. म्हाताऱ्या घोडीला गिऱ्हाईक नव्हतं म्हणून ठेवली, असं रखमाजी सांगतो. मी ते खरं धरत नाही.

त्याला हसायचा मला तरी काय अधिकार? माझी बायको साखरबाई नातवाला सांभाळायला चार महिने म्हणून पुण्याला गेली, त्याला आता दीड वर्ष होईल. मीही म्हशींशीच बोलतो. फक्त माझ्या म्हशी दूध देतात, म्हणून लोक मला वेडा म्हणत नाहीत.

भांडणानंतर चौथ्या दिवशी रखमाजी माझ्या अंगणाच्या कडेला येऊन उभा राहिला. आत ये म्हटलं तरी आला नाही.

"आप्पा, घोडी पाऊल उचलंना."

जाऊन बघतो तर पाखरी पुढचे दोन्ही पाय लांब टाकून, सगळा भार मागं घेऊन उभी. खुराला हात लावला तर तापलेलं. मी सोनम डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या जनावरांच्या दवाखान्यातल्या, वयानं लहान, पण हाताला घाई नाही. त्यांनी चारी पाय बघितले, इंजेक्शन दिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "आबा, हिला हिरवं किती घालता?"

रखमाजीनं माझ्याकडं बघितलं. मी चारीकडं बघितलं.

"जास्त हिरव्यानं खुराच्या आत सूज येते. आज आवरलं. परत असं झालं तर घोडी उभी राहणार नाही. सूज उतरेपर्यंत जागेवर ठेवा, वाळला चारा घाला. नंतर मोकळी सोडायची असेल तर तोंडाला मुसकं हवं. खालून बोटभर भोक ठेवायचं, म्हणजे गवताचे शेंडे तेवढे येतील आणि पाणीही पिता येईल."

त्या रविवारी मल्हारी आला. घोडीसमोर उकिडवा बसून त्यानं सगळं ऐकून घेतलं. पोरगा वाईट नाही, बारा-बारा तास मशिनीवर उभा राहून वाळलाय.

"आबा, तिचं हाल करू नका. दौंडकडं एकजण म्हातारी जनावरं सांभाळतो, त्याला इचारलंय मी. दसऱ्यापत्तर बघा. जमलं न्हाई तर टेम्पो घिऊन येतो."

"जमंल की."

"तुमाला सवताचं जेवान जमत न्हाई, आबा."

घोडी गेली तर माळावर म्हाताऱ्याच्या हाकेला मान वर करणारं कोणी उरणार नव्हतं, हे मला कळत होतं. मल्हारीलाही कळत असेल. पण कळून काय करायचं, त्याची सोमवारी पहिली पाळी होती.

मुसकं मी दिलं. माझ्या गोठ्यात खुंटीला बैलाची दोन मुसकी होती. ट्रॅक्टर आल्यापासून त्यांना कोणी हात लावला नव्हता. काथ्याची विणलेली, चांगली जड. सूज उतरल्यावर मी मोठ्या तोऱ्यात त्यातलं एक पाखरीला चढवलं आणि तिथंच चुकलो. बैलाचं मुसकं उभ्या पिकातल्या कोळपणीपुरतं, अर्ध्या दिवसाचं. त्याची दोरी शिंगांमागं अडकते. घोडीला शिंगं कुठली? दोरी सारखी सुटायची. मग रखमाजीनं ती आवळली, मी येऊन आणखी आवळली. पाचव्या दिवशी नाकाच्या हाडावरचे केस गेले आणि खाली लालभडक कातडं दिसू लागलं.

तेव्हा रखमाजीनं आपलं शहाणपण लावलं. घोंगड्याची कड कापून त्यानं दोरीला गुंडाळली.

"आमच्या सात पिढ्या घोंगड्यात निजल्या, आप्पा. त्ये कुणाला बोचत न्हाई."

मलाही ते पटलं. पण आठवड्यात जखम दुप्पट झाली, हनुवटीखालीही सोललं, माश्या घोंघावू लागल्या. मल्हारी रविवारी आला आणि जखम बघून उभ्यानंच बोलला, "ह्याला सांभाळणं म्हंत्यात व्हय, आबा?" चहाही अर्धाच प्याला.

सोनमबाई परत आल्या. त्यांनी घोंगड्याचा तुकडा सोडवला, माझा हात धरला आणि मनगटाच्या आतल्या बाजूला तो दहा-बारा वेळा घासला. हात चरचरला.

"हे दहा वेळाच झालं, आप्पा. ती दिवसभर मान खाली घालून चरते. घाम, दव, त्यात अडकलेली कुसळं. तिचं कातडं काय दगडाचं आहे?"

त्यांनी नीट समजावून सांगितलं. आधी जखम पुरती बरी होऊ द्यायची, तोवर मुसकं नाही आणि मोकळं चरणंही नाही. मग मुसकं दोरीवर लटकवायचं नाही. डोक्याला चपट्या रुंद पट्ट्याची म्होरकी घालायची आणि त्यावर मुसकं तोलायचं. पट्टा आणि कातडं यांच्यात दोन बोटं सहज बसली पाहिजेत. हाडावर मऊ गादी हवी. रोज संध्याकाळी मुसकं काढायचं, नाक साध्या पाण्यानं धुऊन कोरडं करायचं, बोटं फिरवून बघायचं. केस विस्कटलेले किंवा कातडं गरम लागलं, तर दुसऱ्या दिवशी मुसकं घालायचं नाही. गाद्या दोन हव्यात, एक तोंडावर, एक धुऊन वाळत.

"मऊ म्हंजी कापूस का?" मी विचारलं.

"कापूस ओला झाला की गोळा होतो. कोकराची लोकर मिळाली तर बघा."

रखमाजी मान खाली घालून बसला. कोकराची पहिली कातरण म्हणजे जावळ, ते हाताला लोण्यासारखं लागतं. ज्याच्या घरी तीनशे मेंढरं होती, त्याच्याकडं आता मूठभर जावळ नव्हतं. त्याची चुलतभावजय सारजाबाई आपला वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, घेऊन पाबळच्या शिवारात उतरली होती. पण कळप विकल्यापासून रखमाजी कुणाच्या वाड्यावर गेला नव्हता. रस्त्यानं मेंढरं आली तरी तो आडवाटेनं जायचा.

"आपुन दुसरं कायतरी बघू," तो म्हणाला.

"दुसरं काय बघतोस? बस गाडीवर."

मी त्याला जवळजवळ ओढूनच नेलं. वाड्यापाशी पोचलो तर मेंढरं बसवलेल्या रानाचा वास आला आणि रखमाजी गाडीवरून उतरेना. सारजाबाई हातातली भाकरी टाकून पुढं आली. कपाळावर हात धरून तिनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"मेंढरं इकली तवा इचारलं न्हाई. गिता गेली तवा दहाव्याला आले, तर तोंड फिरवून बसलात. आन् आज कशापायी आलात, भावजी?"

"घोडीच्या नाकाला जावळ पायजे."

ती हसली, पदर तोंडाला लावून चांगली हसली. मग तिचं हसणं थांबलं. "पाखरी हाय व्हय अजून?" तिनं विचारलं, आणि पालात जाऊन फडक्यात बांधलेलं जावळ घेऊन आली. आम्हांला जेवल्याशिवाय सोडलं नाही. रखमाजीनं तीन भाकरी खाल्ल्या. येताना तो गाडीवर मागं बसून सगळ्या वाटेत बोलत होता, कुठल्या घाटात पाखरी घसरली होती आणि गिताबाईनं तिला कसं सावरलं. मला अर्धं वाऱ्यात ऐकू आलं नाही, तरी मी व्हय व्हय म्हणत होतो.

धुऊन धुऊन मऊ झालेल्या जुन्या लुगड्याच्या दोन पिशव्या शिवल्या आणि त्यात जावळ भरलं. शिरूरच्या बाजारातून चपटा पट्टा आणला. जखम भरायला पंधरा दिवस लागले, तोवर मल्हारी दर रविवारी बघून गेला. मग नवीन मुसकं चढलं. मी रोज संध्याकाळी माळावर जाऊ लागलो. कारण घोडीचं होतं, पण खरं सांगायचं तर त्या वेळी घरात मला बसवत नव्हतं. रखमाजी नाक धुवायचा, मी दोन बोटं घालून बघायचो, मग आम्ही चहा करायचो. तपकिरी नाकावर पांढरे केस उगवले. सोनमबाई म्हणाल्या, ते पांढरेच राहतील, पण कातडं आता पक्कं आहे.

दसऱ्यानंतरच्या रविवारी मल्हारी टेम्पो घेऊन आला. घोडीजवळ बसला, मुसकं काढून नाकावरून बोटं फिरवली, हनुवटीखाली बघितलं, चारी खुरं उचलून बघितली. पाखरीनं त्याच्या खांद्याला तोंड घासलं.

"जमलं की, आबा," तो म्हणाला.

रखमाजी असा ताठ उभा राहिला की मला वीस वर्षांमागचा रखमाजी दिसला. मल्हारीनं या खेपेला पुरा चहा प्याला आणि उठला.

"म्होरल्या रईवारी येतूस ना?" रखमाजीनं विचारलं.

"आता कशाला, आबा? नाक तर बरं झालं. वव्हरटाइम हाय रईवारचा. कायबी लागलं तर फोन करा."

रिकामा टेम्पो माळावरून खडखडत गेला. मी रखमाजीच्या पाठीवर थाप मारली. आपण जिंकलो, असं मला वाटत होतं.

पुढच्या रविवारी रखमाजी उजाडताच माझ्याकडं दुधाला आला. अंघोळ झालेली, टोपी धुतलेली. इतर दिवशी तो कोरा चहा पितो, दूध फक्त रविवारी नेतो, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही दूध नेलं. तेही संध्याकाळी नासून गेलं.

मंगळवारी मी नेहमीसारखा माळावर गेलो. रखमाजी शेडामागं पाणी काढत होता. पाखरीच्या पट्ट्याखाली मी बोटं घातली. दोन बसेनात. एकच गेलं, तेही जोर लावून. जावळाची गादी काढलेली होती. नाकावरचे पांढरे केस विस्कटले होते, कातडं गरम लागत होतं.

मी वळलो तर रखमाजी बादली घेऊन उभा होता. काय झालं ते मला विचारावं लागलं नाही. त्यानं बादली खाली ठेवली, जवळ आला आणि स्वतःच्या हातानं पट्टा सोडला.

"सोलल्याबिगर त्यो येत न्हाई, आप्पा," तो म्हणाला. "पर हिनं माजं काय वाईट केलंय? दुपारधरनं हात जातुया सोडवायला, आन् परत माघारी येतुया."

साखरबाईला मीसुद्धा फोनवर गुडघा दुखतो म्हणून सांगतो. माझा गुडघा दुखत नाही. ते मी त्याला त्या दिवशी सांगितलं. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

आम्ही दोघांनी मिळून तिचं नाक धुतलं. मग मी म्हणालो, "फोन लाव पोराला. घोडीचं काय सांगू नगंस. तुजं सांग."

"माजं काय सांगू?"

"करमत न्हाई म्हणून सांग. ये म्हणून सांग."

त्यानं खिशातून फोन काढला. त्याला कमी ऐकू येतं म्हणून आवाज मोठा ठेवलेला असतो. तीन वेळा वाजल्यावर पलीकडून मशिनींचा घरघराट आला आणि त्यातून मल्हारीचा घाईचा आवाज.

"आबा? काय झालं? नाक सोललं का परत?"

रखमाजीनं माझ्याकडं बघितलं. मी मानेनं सांग म्हणून खुणावलं.

"न्हाई. घोडी बरी हाय."

"पाय धरलं का?"

"न्हाई रं. चांगली चरती."

"मग फोन कशापायी केला?"

रखमाजीचे ओठ हलले. पलीकडं कुणीतरी हिंदीत मल्हारीला हाक मारत होतं.

"आबा, ऐकू येतंय का? कशापायी केला फोन?"

"काय न्हाई, बाबा," रखमाजी म्हणाला. "चुकून लागला."