माझी सीट कुणी खाली केली?

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे, हे मी न सांगताही तुम्हाला कळेल. मी गल्लीच्या तोंडाशी असले तरी माझी कुरकुर घरात ऐकू येते. गोष्ट सांगायची मला सवय नाही. त्यातून ही गोष्ट मान ताठ ठेवून सांगावी अशीही नाही. तरी प्रयत्न करते.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी हिरवीगार होते. माझी मधली दांडी खाली उतरती, त्यामुळे चढायला सोपी. गाणं शिकवणाऱ्या एका बाईंनी मला घेतलं. शिकवण्यांना निघताना त्या मला पुसायच्या आणि म्हणायच्या, "हिची घंटा माझ्या निम्म्या शिष्यांपेक्षा सुरात आहे." त्या कौतुकावर मी कितीतरी वर्षं धावले. पुढे बाईंचे गुडघे धरले आणि मी जिन्याखाली गेले. तिथे रद्दी, फुटकी बादली आणि मी. कोळ्यांनी माझ्या चाकांत संसार थाटले.

यंदाच्या उन्हाळ्यात मला नवे मालक मिळाले. औषधांच्या दुकानात कामाला असलेले, गोड बोलणारे गृहस्थ. खेळाचं त्यांचं वेड म्हणजे तेरड्याचा रंग. या वेळी टीव्हीवर रोज संध्याकाळी लांब पल्ल्याची सायकल शर्यत लागायची, ती त्यांच्या डोक्यात शिरली. त्यांनी मला विकत घेऊन खिडकीखाली उभं केलं, पिवळा टी-शर्ट आणला आणि दोन सकाळी तळ्यापर्यंत चक्कर मारली. मग पाय दुखले. तिथून पुढे ते फक्त शर्यत बघायचे. सांगायचे मात्र, "मी रोज तळ्यावर जातो."

मालकीणबाई पाळणाघरात मुलं सांभाळायच्या. उन्हाळा संपला की ते पाळणाघर नदीपलीकडे जाणार होतं, आणि पहिली बस निघण्याआधीच तिथे हजर व्हावं लागणार होतं. सायकल चालवायला आली नाही, तर हातचं काम जाणार.

"अगं, मी आहे ना! मागून धरतो, बघता बघता शिकशील," मालक म्हणाले होते. पण संध्याकाळ झाली की शर्यत सुरू.

"अहो, येताय ना?"

"आलोच, एवढा चढ संपू दे."

त्या शर्यतीतले चढ काही संपेनात.

शेवटी मालकीणबाई एकट्याच मला मागच्या बोळात नेऊ लागल्या. पाय टेकेनात, म्हणून त्यांनी पान्याने सीट खाली केली. एक हात भिंतीला, एक हँडलला. माझे ब्रेक सैल, साखळी कोरडी. मी ऐन वळणावर दगा द्यायचे. एकदा त्या कोपरावर पडल्या. तेवढ्यात खिडकीतून मालकांचा आवाज आला, "ऊठ, ऊठ! शाब्बास!" मालकीणबाईंनी झटकन वर पाहिलं. मग त्यांच्या लक्षात आलं, ते टीव्हीतल्या पडलेल्या स्वाराला सांगत होते. त्या उठल्या, धूळ झटकली आणि बाही खाली ओढून घेतली.

एका रविवारी त्यांचा धाकटा भाऊ आला. त्याच्या जिभेला हाड नाही. शेजारची मंडळीही शर्यत बघायला बसली होती. मालकांची तळ्याची कथा रंगात आली, तसा मेहुणा म्हणाला, "मग भाऊजी, दाखवाच एक चक्कर!"

सगळे बाहेर आले. मालक ऐटीत माझ्यावर बसले आणि त्यांचे गुडघे थेट हँडलला भिडले.

"भाऊजी, सायकल आटली, की तुम्हीच वाढलात?"

हशा पिकला. मालक तडकले. "माझी सीट कुणी खाली केली?"

"मी," मालकीणबाई दारातून म्हणाल्या. "पाय टेकत नव्हते."

"कधी गं ताई?" मेहुण्याने डोळे मिचकावले. "भाऊजी तर रोज जातात ना?"

मित्रांनो, सीट खाली होऊन कितीतरी दिवस लोटले होते. मालकांचं पितळ उघडं पडायला एक खरा शब्द पुरे होता. मालकीणबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"आज सकाळीच," त्या म्हणाल्या. "हे तळ्यावरून आल्यावर."

बोलता बोलता त्यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि बाही घसरली. कोपरावर खपल्या होत्या, काही वाळलेल्या, काही ओल्या. त्या एका सकाळच्या नव्हत्या. मेहुण्याचं हसू तोंडातच राहिलं. दिवसभर लोकांच्या हातात मलमपट्ट्या ठेवणारे मालक त्या कोपराकडे बघत, गुडघे दुमडून, तसेच बसून राहिले. त्यांना उतरायचंही सुचेना. माझं हँडल आपोआप एका बाजूला कललं. मला वाटलं, माझी मानच खाली गेली.

दुसऱ्या दिवशी शर्यतीचा शेवटचा टप्पा होता. टीव्ही बंद होता. मालक तेलाची बाटली घेऊन आले, साखळी पुसली, ब्रेक आवळले. सीटला हात लावला नाही.

"चल," एवढंच म्हणाले.

"अहो, शर्यत?"

"असू दे गं."

बोळभर ते माझा कॅरियर धरून धापा टाकत धावले. शेजारी बघत होते. "सोडू नका हं!" मालकीणबाई ओरडत होत्या आणि मालक मान खाली घालून म्हणत होते, "नाही सोडत. आता नाही."

हल्ली भल्या पहाटे आम्ही दोघी पूल ओलांडतो. घंटा अजून सुरात आहे. सीटच्या जुन्या उंचीची खूण नळीच्या आत बुडाली आहे, ती कुणाला दिसत नाही. पण मला पुसताना मालकांचं बोट रोज तिथे येऊन थांबतं.

मित्रांनो, सायकलीला तेल द्या, साखळी पुसा, हे तर मी सांगणारच. पण आपली सायकल कधी अचानक ठेंगणी वाटली, तर ओरडण्याआधी बघा, घरात कुणाचे पाय टेकत नव्हते.